सोनवणे भाऊंची ओपीडी

डॉक्टर आजारी पडला की गावातले सगळे डॉक्टर धावून येतात, असा एक गोड समज आहे. धावून येतात हे खरंच. येतात, खुर्चीवर बसतात, चहा घेतात, फी घेत नाहीत आणि खरं काय ते बोलत नाहीत. आमच्या धंद्यात याला सौजन्य म्हणतात. या सौजन्यापायी मी जवळजवळ मेलोच होतो. मला वाचवलं ते एका कंपाउंडरनं, आणि त्याच्याकडे सौजन्य औषधालाही नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावात भूलतज्ज्ञ होतो, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी टेबलाच्या डोक्याशी उभा राहून पेशंटला भूल देणारा आणि त्याचा श्वास सांभाळणारा माणूस. दुखणं थांबवायला आमच्याकडे पेथिडीन नावाचं इंजेक्शन असतं. ते लोकांना देता देता एके दिवशी पाठ फार दुखते म्हणून मी स्वतःलाच थोडं टोचून घेतलं. पाठ थांबली, पण घेणं थांबलं नाही. दीड वर्षात मजल इथवर गेली की इंजेक्शनची काचेची अँप्युल फोडायची, अर्धी पेशंटला आणि अर्धी मला.

लोकांना मात्र दिसत होता एक विलक्षण कष्टाळू डॉक्टर. रविवार असो, पोळा असो, कुणाचीही केस असो, मी हजर. न बोलावता हजर. एवढी सेवावृत्ती बघून डॉक्टरांच्या संघटनेला भरून आलं आणि त्यांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. मे महिना होता, आणि मी पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घातला होता. जळगावच्या मे महिन्यात असा शर्ट घालून हिंडणारा माणूस एक तर नवरदेव असतो किंवा काहीतरी लपवत असतो. व्यासपीठावर सात डॉक्टर बसले होते. एकालाही प्रश्न पडला नाही. पुढे वजन उतरलं तेव्हा एकानं थायरॉईड सांगितलं, दुसऱ्यानं अल्सर, आणि तिसरा म्हणाला, आता लग्न करून टाक.

शेवटी बोलली ती सावद्याकडची एक बाई. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी. पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. सकाळच्या राउंडला ती सर्जनना, डॉ. भिरूडांना म्हणाली, "डॉक्टर, सुई दिली म्हणता, पण मला तर रातभर सुई दिल्यासारखं काही वाटलंच नाही. तोंडात पदर कोंबून पडले होते." भिरूडांनी तिचा कागद पाहिला. इंजेक्शन दिल्याची माझी ठसठशीत सही होती. त्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "बाही वर कर."

मी वर केली. त्यांनी सुयांचे डाग पाहिले. मग म्हणाले, "अरविंदा, पोलिसांत देऊ की धुळ्याला धाडू?"

"धुळ्याला काय आहे, सर?"

"एक कंपाउंडर आहे. सोनवणे भाऊ."

"मी एम. डी. आहे, सर."

"तू काय आहेस ते तो सांगेल तुला." मग त्यांनी अट घातली. दर गुरुवारी धुळ्याला जायचं. तोवर माझ्या हाताला अँप्युल लागणार नाही, ओपीडीत बसून लोकांची बीपी मोजायची. ज्या दिवशी सोनवणे भाऊ 'हो' म्हणतील, त्या दिवशी मी परत टेबलाच्या डोक्याशी उभा राहीन. नाही म्हणाले, तर जन्मभर बीपी. माझं सगळं शिक्षण, आईबापांनी शेत विकून दिलेलं, एका कंपाउंडरच्या जिभेवर येऊन बसलं. बस स्टँडवर जाईपर्यंत मी दोघांनाही मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

हे भाऊ मूळचे साक्रीकडचे. तिथल्या एका सरकारी दवाखान्यात औषधं बनवायचे आणि त्यातलीच प्यायचे. खोकल्याच्या मिक्श्चरमध्ये तेव्हा अफूचा अर्क असे. भाऊ तो पीत आणि बाटलीत तेवढंच लाल पाणी घालत. ही गोष्ट ते दर नव्या माणसाला सांगत, अगदी सरकारी अहवाल वाचल्यासारखी. "तीन महिने मी अख्ख्या तालुक्याला रंगीत पाणी पाजलं. निम्मे लोक बरे झाले. आमच्या डॉक्टरसाहेबांचं जिल्ह्यात नाव झालं." इथं सगळे हसत. मग ते पुढचं सांगत. दम्याची एक म्हातारी होती. पाच कोस चालत यायची, बाटली घेऊन जायची, आठ दिवसांनी पुन्हा यायची. एकदा पायरीवर टेकली आणि धापा टाकत म्हणाली, "भाऊ, तुन्हा औषधमा खोट नही. मन्हा आंगमाच खोट शे." दोष औषधात नाही, माझ्या शरीरातच आहे, असं तिनं त्यांनाच समजावलं. त्या दिवशी भाऊंनी किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, कारण लेखी दिलं आणि नोकरी सोडली. पुढे धुळ्याला टायर रिमोल्डिंगच्या दुकानात लागले. तिथं चोरून पिण्यासारखं काही नसतं, असं ते म्हणत.

वर्षभरानं त्यांचेच जुने डॉक्टरसाहेब त्या दुकानात आले. टायर घेऊन नव्हे. दारूनं हात कापत होते. भाऊंचा तो पहिला पेशंट. तिथून हे सुरू झालं.

दुकानामागची एक खोली होती. बाहेर पाटी 'वैद्यकीय अभ्यास मंडळ'. नवरा या वयात अभ्यासाला जातो म्हणून बायका खूष असत. त्यातही एक गंमत होती. जळगावच्या डॉक्टरांना जळगावात ओळखतील म्हणून भीती, धुळेवाल्यांना धुळ्यात. म्हणून भाऊंनी गुरुवारी जळगावकरांची ओपीडी धुळ्यात ठेवली आणि सोमवारी स्वतः बसनं येऊन धुळेकरांची जळगावात, एका डाळ मिलच्या पोत्यांमध्ये. पण दोन्हीकडच्या बस वाटेत पारोळ्याला थांबत. मग त्या वाराची एकाच गावची सगळी मंडळी तिथल्या स्टँडवर नेमकी समोरासमोर. काळे चष्मे, हातात वर्तमानपत्र. सात-आठ माणसं एकाच वेळी एकमेकांना न ओळखण्याचं काम इतकं मन लावून करत की वडेवालासुद्धा ओळखायचा, आज डॉक्टर लोकांचा वार आहे.

खोलीत भंगारातून आणलेले दवाखान्याचे दोन बाक, पाण्याचं मडकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मडक्यातलं पाणी आमच्यातले निम्मे लोक पहिल्या गुरुवारी पीत नसत. तहान नाही म्हणत. तहान का नाही, ते भाऊंना पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या गुरुवारपर्यंत धुळ्याचं ऊन आपलं काम करी आणि मडकं पुरेनासं होई.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारात एक काटक, ठेंगणा माणूस उभा होता. अंगात बंडी, नखांत टायरचा काळा रंग. मी माझं नाव, पदवी, हॉस्पिटल सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर पत्र्याचा बिल्ला ठेवला. "नंबर ले. बाकवर बस."

"मी डॉक्टर आहे," मी म्हणालो.

"आठे बठ्ठाच डॉक्टर शेत," ते म्हणाले आणि आत गेले. इथं सगळेच डॉक्टर आहेत.

मी बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. फटीतून बघितलं तर आत पेशंट नाही, काही नाही. भाऊ पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते. मी संतापून आत शिरलो. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुन्हा दवाखानामा पेशंट किती वेळ बसस?" मी परत बाकावर जाऊन बसलो. आमच्यापैकी कुणी आयुष्यात कधी रांगेत बसलंच नव्हतं. भाऊंच्या मते निम्मा रोग तिथंच होता.

आत गेल्यावर केसपेपर. नाव, वय, तक्रार. तक्रार इंग्रजीत सांगायची नाही. एकदा एका फिजिशियननं स्वतःच्या दारूवर दहा मिनिटं भाषण दिलं. लिव्हर, एन्झाइम, मेंदूतली रसायनं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते जाऊ दे. तुले काय व्हस?" तुला काय होतंय. फिजिशियन खाली बघत म्हणाला, "पोरगी माझ्याजवळ येत नाही." भाऊंनी तेवढंच लिहिलं.

खोलीत ते सगळ्यांना अरे-तुरे करत, अस्सल अहिराणीत. दोन तास संपले की उठायचे, बंडीवर शर्ट चढवायचे आणि शुद्ध मराठीत म्हणायचे, "या साहेब, जपून जा." वर हातही जोडायचे. मला याचा आधी राग यायचा. पुढे तर जास्तच यायला लागला, कारण खरं कुठलं ते कळेना.

एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीला कुठूनतरी वास लागला की गुरुवारी आठ-दहा डॉक्टर एका ठिकाणी भेटतात. तो टाय लावून, बॅग घेऊन हजर. बॅगेत झोपेच्या गोळ्यांचे सँपल. भाऊंनी त्याला बोलू दिलं. माझ्या आयुष्यात मी औषधावरचं इतकं एकाग्रतेनं ऐकलेलं भाषण पाहिलेलं नाही. कुणी जांभई दिली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. दोघांचे तर ओठ कोरडे पडले होते. भाषण संपल्यावर भाऊ म्हणाले, "चांगलं बोललास. तुले झोप येस का रे?" पोरगा हसला, मग टाय सैल केला, मग हसायचं थांबला. भाऊंनी त्याच्या हातावर सात नंबरचा बिल्ला ठेवला. पुढच्या गुरुवारी तो बॅगेशिवाय आला.

तर असा हा कारभार जोरात चालू असताना संघटनेच्या अध्यक्षांना कळलं. त्यांना कळवळा आला. असं गुपचूप कशाला, म्हणाले. रीतसर समिती करू, उद्घाटन करू, पाहुणे बोलावू, पेपरात फोटो देऊ. गुप्त रोगाच्या दवाखान्याला बँड लावण्यातला हा प्रकार. आम्ही सगळे गारठलो. भाऊ मात्र नम्रपणे म्हणाले, "जरूर साहेब. समितीत मात्र सगळे आजारीच घेऊ. अध्यक्ष म्हणून तुमचंच नाव आधी लिहितो." अध्यक्षांनी रुमालानं कपाळ पुसलं. त्यांचा कळवळा त्याच दिवशी बरा झाला, समितीही गेली. दोन महिन्यांनी मात्र ते काळा चष्मा लावून पारोळ्याला वडा खाताना दिसले.

माझं म्हणाल तर मी सर्वांत हुशार होतो. भूलतज्ज्ञाला औषधाचं माप कोण शिकवणार? आठवा महिना असेल. एका जुन्या ओळखीच्या नर्सिंग होममधून मी पुन्हा अँप्युल मिळवायला लागलो होतो. पण बेशिस्तीनं नाही, शास्त्रीय पद्धतीनं. रोज थोडं कमी करत आणायचं, म्हणजे आपोआप सुटेल. मी आलेखाच्या कागदावर त्याचा तक्ता केला. आडव्या रेषेवर दिवस, उभ्यावर मात्रा. रेघ इतकी सुंदर उतरत होती की मी तो अभिमानानं भाऊंना दाखवायला घेऊन गेलो. हे आज लिहिताना मला माझ्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

भाऊंनी चष्मा लावला. तक्ता उजेडात धरला. "चांगला शे. कोना पेशंटना?"

"माझाच."

"आनि डॉक्टर कोन शे?"

"मीच."

त्यांनी चष्मा काढला. "त्या डॉक्टरले घर धाड," ते म्हणाले. "मंग पेशंटले मझार लई ये." आधी त्या डॉक्टरला घरी पाठव, मग पेशंटला आत घेऊन ये. बिल्ला दिला आणि रांगेच्या शेवटी बसवलं. तीन तास बसलो. शेवटी आत गेलो तेव्हा माझ्याकडे तक्ता नव्हता, अक्कलही नव्हती. मी म्हणालो, भाऊ, मला जमत नाही. सावद्याची बाई मला रोज दिसते. तोंडात पदर कोंबलेली. आणि ती दिसली की मी अजून घेतो.

भाऊ उठले, मडक्यातलं पाणी दिलं. मग म्हणाले, "आज पहिला गुरुवार शे."

म्हणजे आठ महिने पाण्यात. भिरूडांनाही त्यांनी तसंच कळवलं, माझ्यासमोर, टायरच्या दुकानातल्या फोनवरून. एका शब्दाची सूट नाही. बसमध्ये मी रडलो आणि शेजारच्या म्हातारबाबांना सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली. त्या रस्त्यावर ते कुणालाही पटतं.

त्यानंतर मात्र मी एकही घेतली नाही. वर्ष झालं. दीड वर्ष झालं. भाऊ काही 'हो' म्हणेनात. मी बीपी मोजून मोजून वेडा व्हायची पाळी. एकदा मी सरळ विचारलं, "भाऊ, अजून किती? भिरूडांना सांगा ना एकदा." ते बिल्ले पुसत होते. म्हणाले, "बारा वर्षं झाली मला सोडून. मेडिकल स्टोअरच्या दारावरून अजून मी जात नाही, पलीकडच्या फुटपाथनं जातो. माझीच खात्री मला देता येत नाही, तुझी कुठून देऊ?" त्या दिवशी ते खोलीत असूनही अहिराणीत बोलले नाहीत. मी चिडून बिल्ला बाकावर आपटला आणि निघून आलो.

पुढच्या सोमवारी दुपारी धुळ्याचे दोन डॉक्टर रिक्षातून भाऊंना घेऊन भिरूडांच्या हॉस्पिटलात आले. भाऊंना जुना हर्निया होता. कंपाउंडर असल्यामुळे त्यांनी त्यावर कित्येक वर्षं स्वतःच घरचे इलाज केले होते. आमची सगळ्यांची जात एकच. एसटीत तो अडकला. आतडं पिळवटलं होतं, पोट फुगलेलं, उलट्या चालू. तासाभरात पोट उघडायला हवं होतं, नाहीतर आतडं सडलं असतं आणि भाऊ गेले असते. पूर्ण भूल द्यावी लागणार होती, आणि भूल देणारे दुसरे डॉक्टर भुसावळला केस घेऊन बसले होते. निरोप गेला होता. यायला दोन तास.

भिरूड येरझाऱ्या घालत होते. मी दारात बीपीचं यंत्र घेऊन उभा होतो. स्ट्रेचरवरून भाऊंनी मान वळवली. "हाऊ शे ना आठे," ते म्हणाले. हा आहे ना इथं.

भिरूड वाकले. "भाऊ, तुम्हीच अजून 'हो' म्हणाला नाहीत."

"आते म्हनस." आता म्हणतो.

भिरूडांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले. थिएटरात मी भाऊंच्या डोक्याशी उभा राहिलो. दोन वर्षांनी. मी म्हणालो, "भाऊ, पेथिडीन द्यावं लागेल. थोडं. तुम्हाला माहीत आहे ना?"

"आज मी पेशंट शे. किती द्यायचं ते तुनं काम," ते म्हणाले. मग माझं मनगट धरलं. "पन माले जाग उनी का मी मांगसू. लई मांगसू. तव्हय देऊ नको." जाग आल्यावर मी मागेन, फार मागेन, तेव्हा देऊ नकोस. डोळ्यांत इतकी भीती होती की मला त्यांच्याकडे बघवेना. बारा वर्षं त्या माणसानं फुटपाथ बदलला होता.

मी अँप्युल फोडली. अर्धी दिली. अर्धी सिरिंजमध्ये माझ्या हातात राहिली. कमल सिस्टर समोर उभ्या होत्या. त्यांना माझं सगळं माहीत होतं आणि त्या भल्या बाई होत्या, म्हणून मान वळवून भिंतीकडे बघत होत्या. मला त्या सिरिंजचं वजन आजही हातात जाणवतं. मी म्हणालो, "सिस्टर, इकडे बघा." त्यांनी बघितलं. मी सिरिंज ट्रेमध्ये रिकामी केली, शेवटच्या थेंबापर्यंत.

आतडं वाचलं. तीन वाजता भाऊ शुद्धीवर आले, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे मागितलं. पुढचा डोस साडेपाचला होता. मी खुर्ची ओढून बसलो. आधी त्यांनी अहिराणीत मागितलं, मग मराठीत, मग हात जोडून. मला लेकरा म्हणाले, कसाई म्हणाले, माझ्या आईची शपथ घातली. त्यांच्या नातवाचं वय सांगितलं, कशासाठी ते त्यांनाच माहीत. पोट खरंच दुखत होतं, मला ते दिसत होतं, आणि किती दुखणं पोटाचं नि किती त्या बाटल्यांचं, हे ते सांगू शकत नव्हते आणि मीही. ओल्या फडक्यानं तोंड पुसत राहिलो आणि घड्याळाकडे बघत राहिलो. साडेपाच वाजता सिस्टरसमोर मोजून दिलं. ते झोपले.

सकाळी राउंडच्या आधी मी खोलीत गेलो. भाऊ जागे होते, चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मला बघून हळूच विचारलं, "मी मांगं का?"

"मागितलं."

"लई?"

"फार."

"येळना आधी दिधं का?"

"नाही दिलं, भाऊ."

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "मंग ठीक शे." आणि भिंतीकडे तोंड करून, उशीत नाक खुपसून तो माणूस हमसून हमसून रडला. मीही रडलो, खुर्चीवर बसून, दार उघडं असताना. कमल सिस्टर आल्या, आधी त्यांचं बीपी मोजलं, मग माझं, आणि दार लावून गेल्या.